अरेस्ट का झाला? सीपीआर चालू असतानाच दुरुस्त होणारं कारण कसं शोधायचं

पेशंटचं हृदय थांबलंय (कार्डिॲक अरेस्ट), सीपीआर म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं चालू आहे, ॲड्रेनलिनचे डोस वेळेवर जातायत, आणि तरी पल्स येत नाही. मग टीममधलं कुणीतरी म्हणतं, "अरे, चार एच, चार टी बघा." अरेस्टच्या दुरुस्त होणाऱ्या कारणांची ही यादी, एच आणि टी या अक्षरांवरून लक्षात ठेवलेली. आठही नावं घडाघडा म्हणून होतात आणि सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागतात. कारण मात्र सापडलेलं नसतं. यादी सगळ्यांना पाठ असते. ती समोरच्या पेशंटला लावायची कशी, तिथे घोडं अडतं.

हा लेख ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिक मंडळींसाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा.

यादी एकदा लिहून मोकळं होऊ. एच म्हणजे हायपॉक्सिया (ऑक्सिजन कमी पडणं), हायपोव्होलेमिया (रक्त-पाणी कमी पडणं), हायपर किंवा हायपोकॅलेमिया (पोटॅशियम जास्त किंवा कमी होणं) आणि इतर चयापचयाचे बिघाड, हायपोथर्मिया (शरीर गारठणं). टी म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडणं), टॅम्पोनेड (हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचून ते दाबलं जाणं), थ्रॉम्बोसिस (गुठळी), टॉक्सिन (विष). काही ठिकाणी ॲसिडोसिस (रक्तात ॲसिड वाढणं) वेगळा मोजतात आणि थ्रॉम्बोसिसचे हृदयातला व फुप्फुसातला असे दोन भाग करतात, म्हणून पाच-पाच होतात. आकडा कुठलाही धरा. माझं म्हणणं एवढंच, की ही यादी वरून खाली वाचायची नसते. समोरच्या पेशंटच्या बाबतीत कोणती दोन-तीन कारणं खरोखर शक्य आहेत ते आधी ठरवायचं आणि तिथूनच सुरुवात करायची.

पाया पक्का आहे ना?

कॉम्प्रेशन खराब असतील तर कारण सापडूनही उपयोग नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोली, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वासनलिकेत ट्यूब नसेल तर ३० दाब आणि २ श्वास. ट्यूब असेल तर दाब न थांबवता मिनिटाला १० श्वास. दर दोन मिनिटांनी ऱ्हिदम (मॉनिटरवरची हृदयाची लय) बघायचा, थांबा १० सेकंदांच्या आत. शॉक न लागणारा ऱ्हिदम असेल तर ॲड्रेनलिन १ मिग्रॅ लगेच आणि मग दर ३ ते ५ मिनिटांनी. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरणं) किंवा पल्सलेस व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची वेगवान लय, पण पल्स नाही) असेल तर आधी विजेचा शॉक. तिसऱ्या शॉकनंतरही तोच ऱ्हिदम राहिला तर ॲमिओडॅरोन ३०० मिग्रॅ.

कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असेल तर पहिल्या मिनिटापासून लावा. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा १० मिमी पाऱ्याच्या खाली राहत असेल तर आधी कॉम्प्रेशन सुधारा, दाबणारा माणूस बदला. आकडा एकदम उसळला तर बहुधा रक्ताभिसरण परत आलंय.

आणि एक माणूस कारण शोधायला मोकळा ठेवा. टीम लीडरने बेडच्या पायथ्याशी हात मोकळे ठेवून उभं राहायचं आणि कुणाला तरी नाव घेऊन सांगायचं: "तू फाइल बघ, नातेवाइकांशी बोल आणि दोन मिनिटांत मला सांग." हे मोघम सांगितलं तर कुणीच करत नाही.

शेवटची दहा मिनिटं

माझ्या मते निदानाचा मोठा हिस्सा इथेच मिळतो, तपासणीतून नाही. एकच प्रश्न विचारायचा: कोसळण्याच्या आधी नेमकं काय चाललं होतं?

अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू केलं आणि कोसळला, तर ॲनाफिलॅक्सिस. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा उठून बाथरूमला गेला आणि कोसळला, तर फुप्फुसातली गुठळी. सेंट्रल लाइन टाकली आणि अर्ध्या तासात बिघडला, तर न्यूमोथोरॅक्स. नर्व्ह ब्लॉक दिल्यावर आधी बडबड, मग झटके, मग अरेस्ट, तर भुलीच्या औषधाची विषबाधा. छातीत दुखतंय म्हणत होता आणि घामाघूम होऊन पडला, तर कोरोनरी.

ट्यूब टाकल्यावर लगेच अरेस्ट होणं हे वेगळंच प्रकरण. ट्यूब अन्ननलिकेत गेली असेल, भुलीच्या औषधाने बीपी कोसळला असेल, किंवा पेशंट डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्तात ॲसिड साचणं) जोरजोरात श्वास घेऊन ॲसिड सांभाळत होता आणि आपण तो श्वास बंद करून मिनिटाला १२ वर आणला. या शेवटच्या पेशंटला बायकार्बपेक्षा (ॲसिड उतरवणारं सोडियम बायकार्बोनेट) आधीइतका वेगाने श्वास मिळण्याची गरज असते.

सोबत औषधांची चिठ्ठी, डायलिसिसचा फिस्टुला, पेसमेकरची उंचवटलेली जागा, सुजलेला एकच पाय, पोटाचा घेर, अंगावरचे पुरळ, हातावरच्या सुयांच्या खुणा हे सगळं नजरेखालून घाला. कपडे कापून पेशंट पूर्ण उघडा केल्याशिवाय हे दिसत नाही.

मॉनिटर काय सुचवतो

व्हीएफ असेल तर पहिला संशय हृदयाच्या धमनीवर. पीईए असेल, म्हणजे मॉनिटरवर कॉम्प्लेक्स दिसतायत पण पल्स नाही, तर क्यूआरएसची, म्हणजे ईसीजीतल्या ठोक्याच्या मुख्य टोकदार भागाची, रुंदी बघा. अरुंद आणि वेगवान क्यूआरएस म्हणजे हृदयाची वीज बरी आहे, पण त्यात रक्त भरत नाही किंवा त्यातून बाहेर पडत नाही: रक्तस्राव, टेन्शन, टॅम्पोनेड, फुप्फुसातली गुठळी. रुंद आणि संथ क्यूआरएस म्हणजे बहुधा पोटॅशियम, ॲसिडोसिस किंवा सोडियम चॅनेल अडवणारं विष. हा अंदाज आहे, नियम नाही. जुना बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असलेला पेशंट किंवा बराच वेळ अरेस्टमध्ये असलेला पेशंट यात सहज फसवतो. पण पहिली सुई छातीत घालायची की पहिलं ॲम्प्यूल कॅल्शियमचं फोडायचं, हे ठरवायला तो पुरतो.

हायपॉक्सिया

हे प्रत्येक अरेस्टमध्ये तपासायचंच, कारण उपाय हाताशी असतो. शंभर टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, जमल्यास दोघांनी मिळून बॅग. छाती उचलली जातेय का, ते डोळ्यांनी बघा. ऑक्सिजनची नळी खरंच सॉकेटला जोडलेली आहे का, तेही बघा. ती नुसतीच लोंबकळताना सापडते.

ट्यूब टाकली आणि कॅप्नोग्राफवर एकही लाट नाही, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत ट्यूब चुकीच्या जागी आहे असं धरा. अरेस्टमध्येही चांगल्या सीपीआरला छोट्या का होईना लाटा दिसतात. "आवाज दोन्हीकडे आला" या आधारावर वाद घालू नका, ट्यूब काढा आणि मास्कने श्वास द्या.

दम्याच्या पेशंटमध्ये उलटं घडतं. हवा आत जाते, बाहेर येत नाही, श्वासावर श्वास साचतो आणि फुगलेली छाती हृदयाकडे रक्त येऊच देत नाही. अशा वेळी बॅग ट्यूबपासून सोडवून छाती बाजूंनी दाबा. हवा सुस्कारत बाहेर येताना ऐकू येते. त्यानंतर श्वास कमी वेगाने द्या.

रक्त आणि पाणी कमी पडणं

बाहेर वाहणारं रक्त सगळ्यांना दिसतं. न दिसणारं रक्त छातीत, पोटात, पेल्व्हिसमध्ये (ओटीपोटाखालच्या हाडांच्या कड्यात) आणि मांडीत साठतं. तरुण स्त्री, पोटदुखी, चक्कर आणि मग अरेस्ट, तर फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची) गर्भधारणा वगळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वयस्क माणूस, पाठीत अचानक कळ आणि कोसळणं, तर महाधमनी फुटल्याचा विचार करा.

दोन जाड कॅन्युला किंवा हाडातली सुई, प्रेशर बॅग, आणि रक्तस्राव असेल तर सलाइनच्या पिशव्या मोजत बसण्यापेक्षा थेट रक्त, गट माहीत नसेल तर ओ निगेटिव्ह. रक्त थांबवणारा सर्जन याच वेळी बोलवा, पल्स आल्यावर नाही. अपघातातल्या जखमीला रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, जखमेपासून ३ तासांच्या आत. रिकाम्या रक्तवाहिन्या ॲड्रेनलिनने आवळून फारसं काही हाती लागत नाही.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्त बाहेर जात नाही, पण रक्तवाहिन्या सैलावून आणि गळून तसाच परिणाम होतो. अरेस्टच्या आधी पकडलं तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन ०.५ मिग्रॅ. अरेस्ट झाल्यावर नेहमीचे १ मिग्रॅचे डोस शिरेतून आणि सोबत भरपूर सलाइन. चालू असलेलं संशयित औषध बंद करायचं राहून जातं, तेवढं बघा.

पोटॅशियम

इथे थोडं थांबू, कारण वेळेत ओळखलं तर पोटॅशियम वाढल्याने झालेला अरेस्ट दुरुस्त होण्याची संधी मोठी असते.

संशय कुणावर घ्यायचा? डायलिसिसची पाळी चुकलेला पेशंट. लघवी बंद झालेला. ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडलेला. किडनी अधू असताना रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवणारी औषधं एकत्र घेणारा. अरेस्टच्या आधीचा ईसीजी असेल तर मागवा. टी लाट उंच आणि टोकदार, पी सपाट होत नाहीशी, क्यूआरएस पसरत पसरत शेवटी लोळणाऱ्या साइन वेव्हसारखा. हा क्रम दर वेळी पाळला जातोच असं नाही. काही पेशंट थेट शेवटच्या पायरीवर पोचतात.

रिपोर्टची वाट बघू नका. कॅल्शियम क्लोराइड १० टक्के, १० मिलि, शिरेतून झपाट्याने. क्लोराइड नसेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, ३० मिलि. हा तिपटीचा फरक लक्षात ठेवा: ग्लुकोनेटमध्ये तेवढ्याच मिलिमध्ये साधारण एक तृतीयांश कॅल्शियम असतं, आणि १० मिलि ग्लुकोनेट देऊन "कॅल्शियम दिलं" अशी नोंद करणं ही फार जुनी सवय आहे. मग लाइन सलाइनने धुवा, कारण कॅल्शियम आणि बायकार्ब एकत्र आले की साका होऊन लाइन बंद पडते. त्यानंतर सोडियम बायकार्बोनेट ५० मिलिमोल (८.४ टक्क्यांचं ५० मिलि), आणि साधं इन्सुलिन १० युनिट, सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज.

पुढच्या ऱ्हिदम चेकला मॉनिटरकडे नीट बघा. मघाचे रुंद, लोळणारे कॉम्प्लेक्स अरुंद आणि धारदार झालेले दिसले तर निदानावर शिक्का बसला. नाही झाले, तर कॅल्शियमचा दुसरा डोस द्या. मात्र कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते फक्त हृदयाला अर्धा-एक तास सांभाळून धरतं. इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ढकलतं. शरीराबाहेर ते डायलिसिसनेच जातं, त्यामुळे नेफ्रॉलॉजीला फोन आत्ताच करा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, अरेस्ट लांबला की पेशींतून पोटॅशियम आपोआप बाहेर पडतं, आणि घाईत ओढलेल्या नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या असतात; वीस मिनिटांनंतरच्या नमुन्यात जरा वाढलेला आकडा दिसला तर तेच कारण असं समजू नका. दोन, कॅल्शियम सरसकट प्रत्येक अरेस्टला द्यायचं नाही. डेन्मार्कमधल्या कोका नावाच्या चाचणीत तसं करून बघितलं. फायदा दिसला नाही, उलट नुकसानाकडे कल दिसल्याने ती मध्येच थांबवली; तिचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट बायकार्बचीही हीच गत.

पोटॅशियम कमी असण्याचा संशय जुलाब, उलट्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या इतिहासावरून येतो. मॉनिटरवर पिळवटत जाणारी व्हीटी दिसली तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम द्या. पोटॅशियम मात्र रिपोर्ट आणि वरिष्ठ हाताशी असल्याशिवाय भरभर सोडू नका.

रक्तातली साखर बोटाच्या एका थेंबावर तपासून होते. तेवढं करून टाका.

टेन्शन न्यूमोथोरॅक्स

पहिली खबर बॅग दाबणाऱ्याकडून येते. "बॅग कडक लागतेय" हे वाक्य कुणी पुटपुटलं तरी कान टवकारा. ट्यूब सरकली का, तुंबली का, यंत्र बिघडलं का हे क्षणात बघून उरतो तो न्यूमोथोरॅक्स. छातीची एक बाजू फुगलेली आणि हलत नाही, तिथे आवाज नाही, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं. मानेच्या फुगलेल्या शिरा आणि सरकलेली श्वासनलिका यांची वाट बघू नका. रक्त गेलेल्या पेशंटमध्ये शिरा फुगत नाहीत आणि श्वासनलिका सरकते ती फार उशिरा. एक्स-रे मागवायचा नाही.

काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या किंवा पाचव्या फासळ्यांच्या मधल्या जागेत जा. सुई खालच्या फासळीच्या वरच्या कडेला घासून घाला, कारण नस आणि धमनी वरच्या फासळीच्या खालच्या कडेने जातात. जुन्या शिकवणीतली कॉलरबोनखालची दुसरी जागाही चालते, पण तिथे छातीची भिंत बऱ्याच जणांत जाड असते. नेहमीची कॅन्युला साडेचार-पाच सेंमीची. ती पोचत नाही आणि मग "हवा आली नाही, म्हणजे न्यूमोथोरॅक्स नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ८ सेंमीची सुई क्रॅश कार्टमध्ये ठेवा. पेशंट ट्यूबवर असेल आणि हात तयार असेल तर सुईच्या भानगडीत न पडता छेद घेऊन बोट आत घालणं जास्त खात्रीचं.

टॅम्पोनेड

छातीत भोसकलेली जखम, नुकतंच झालेलं हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, क्षयरोग, वाढलेला युरिया, फाटलेली महाधमनी. निदान अल्ट्रासाउंडवर, छातीच्या हाडाखालून बघून. पाणी असेल तर सुईने काढा. ३० ते ५० मिलि निघालं तरी पल्स परत येऊ शकते. जखमेमुळे साचलेलं रक्त मात्र गोठलेलं असतं, सुईत येत नाही. तिथे छाती उघडणारा सर्जन हवा. हृदयाच्या ऑपरेशननंतर लगेच झालेल्या अरेस्टमध्ये शॉक किंवा पेसिंगने काम झालं नाही तर ५ मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची असते.

अल्ट्रासाउंडबद्दल एक तक्रार. प्रोब हातात आला की दहा सेकंदांचा थांबा वीस सेकंदांचा होतो. प्रोब आधीच छातीवर टेकवून ठेवा, ऱ्हिदम चेकच्या वेळी फक्त क्लिप रेकॉर्ड करा, कॉम्प्रेशन सुरू झाल्यावर ती बघा. दुसऱ्या माणसाने सेकंद मोठ्याने मोजावेत.

गुठळी

फुप्फुसातल्या गुठळीचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. नुकतंच ऑपरेशन, प्लॅस्टरमधला पाय, कॅन्सर, बाळंतपण, एका पायाची सूज आणि अरुंद क्यूआरएसचा पीईए एवढं जमलं की थ्रॉम्बोलिसिसचा (औषधाने गुठळी विरघळवण्याचा) विचार करा: अल्टेप्लेज ५० मिग्रॅ एकदम, पल्स आली नाही तर १५ मिनिटांनी पुन्हा ५०, किंवा वजनानुसार टेनेक्टेप्लेज. सीपीआर चालू आहे म्हणून औषध नाकारू नका. पण एकदा दिलं की लगेच हात वर करायचे नाहीत, ६० ते ९० मिनिटं सीपीआर चालू ठेवायचा, म्हणजे दाबणाऱ्यांची फळी आधी जमवा. अल्ट्रासाउंडवर उजवं हृदय फुगलेलं दिसलं एवढ्यावर मात्र निदान करू नका. काही मिनिटांच्या कोणत्याही अरेस्टमध्ये ते फुगतं.

हृदयाच्या धमनीतल्या गुठळीवर सीपीआर चालू असताना मोठा उपाय शॉकचाच. पल्स आल्यावर १२ लीडचा ईसीजी काढा, पण पहिली आठेक मिनिटं जाऊ द्या. लगेच काढलेल्या ईसीजीत एसटी (क्यूआरएसनंतरचा भाग) खोटंच वर गेलेलं दिसू शकतं. खरं एसटी वर असेल तर थेट कॅथलॅब (हृदयाच्या धमन्या उघडण्याची खोली).

विष आणि औषधं

ओपिऑइडमध्ये (अफूच्या जातीची औषधं) आधी श्वास, मग त्याचा उतारा नॅलोक्सोन ०.४ ते २ मिग्रॅ. ट्रायसायक्लिक गोळ्या (नैराश्यावरच्या) आणि रुंद क्यूआरएस असेल तर सोडियम बायकार्बोनेट, किलोला १ ते २ मिलिमोल. भुलीच्या औषधाच्या विषबाधेत २० टक्के लिपिड इमल्शन, किलोला १.५ मिलि एकदम आणि मग ड्रिप; इथे ॲड्रेनलिनचे डोस नेहमीपेक्षा खूप लहान ठेवतात. आगीच्या धुरातून काढलेला पेशंट असेल तर सायनाइड आठवा, हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम. मॅग्नेशियमची ड्रिप चालू असलेली गर्भवती असेल तर ड्रिप बंद करून कॅल्शियम. फ्लुमाझेनिल (बेंझोडायझेपिन गोळ्यांचा उतारा) अरेस्टमध्ये देऊ नका. विषबाधेत मेंदू बऱ्याचदा तरुण आणि धडधाकट असतो, म्हणून सीपीआर लांबवायला मागेपुढे बघू नका, आणि एक्मो (शरीराबाहेर रक्त फिरवून त्याला ऑक्सिजन देणारं यंत्र) उपलब्ध असेल तर लवकर विचारा.

थंडीने गारठलेला पेशंट

कमी तापमान मोजणारा थर्मामीटर लागतो, नेहमीचा खाली जात नाही. पल्स एक मिनिटभर शोधा. ३० अंश सेल्सियसच्या खाली ॲड्रेनलिन थांबवतात आणि तीन शॉकनंतर पुढचे शॉक ऊब येईपर्यंत राखून ठेवतात. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचं तापमान १३.७ अंशांवर आलं होतं, आणि ती वाचली. मात्र आधी हृदय थांबून नंतर शरीर गार पडलं असेल तर गणित वेगळं.

पोटात बाळ असेल तर

गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर असेल तर एकाने ते दोन्ही हातांनी पेशंटच्या डाव्या बाजूला ओढून धरायचं. लाइन हातात टाकायची, पायात नाही. चार मिनिटांत पल्स आली नाही तर जागेवरच सिझेरियन सुरू करायचं आणि पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर. यात आईवरचा भार कमी होतो, म्हणून हाही दुरुस्तीचाच उपाय. ऑपरेशन थिएटरमध्ये हलवण्यात वेळ घालवू नका.

पल्स आल्यावर

कारण अजून तिथेच आहे. सुईने मोकळी केलेली छाती कॅन्युला वाकली की पुन्हा कोंडते, तेव्हा चेस्ट ड्रेन टाका. नॅलोक्सोन उतरतं आणि ओपिऑइड शिल्लक राहतं. इन्सुलिन दिलेल्याची साखर तासाभरात खाली येऊ शकते, ती आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासा. आयसीयूला सोपवताना कोणतं कारण धरलं, कोणती वगळली आणि कशाच्या आधारावर, हे वेळेसकट लिहून द्या. पेशंट पुन्हा अरेस्टमध्ये गेला तर पुढची टीम पहिल्या मिनिटाला तोच कागद शोधेल.